वस्तीत एमडीवरून चाकू चालतायत: पोलिसांसाठी पैसा मागायचा कुठे आणि कशासाठी?

प्रश्न विचारणाऱ्यांचं म्हणणं थोडक्यात असं. पूर्व उपनगरातल्या त्यांच्या वस्तीत पावसाळ्यापासून एमडी या नशेच्या पुडीच्या धंद्यावरून दोन टोळक्यांत मारामाऱ्या चालू आहेत. दोनदा चाकू चालले, एक पोरगा सायन हॉस्पिटलात दाखल होता. पोलीस ठाण्यात गेलं की 'माणसं नाहीत, गाडी बंदोबस्ताला गेलीय' असं ऐकायला मिळतं. म्हणून ते विचारतात: मंडळांनी वर्गणी काढून ठाण्याला गाडी आणि कॅमेरे घेऊन द्यावेत का? आमदार निधीतून हे होईल का? आणि अमेरिकेत ड्रग्जच्या हिंसाचाराविरुद्ध स्थानिक पोलिसांना सरकारी अनुदान मिळतं, तसं आपल्याकडे काही आहे का?

मी मुंबई पोलिसांत बरीच वर्षं तपासी अधिकारी होतो, त्यातली काही अमली पदार्थांच्या गुन्ह्यांवर गेली. निवृत्तीच्या आधी खर्चाचे प्रस्ताव तयार करून वर पाठवण्याचं काम माझ्याकडे होतं. त्या दोन्ही अनुभवांतून सांगतो. पैसा अपुरा आहे हे खरंच आहे. पण तुमच्या गल्लीत चाकू चालतो तो गाडी नसल्यामुळे नाही. मागच्या वेळी ज्याने चाकू चालवला तो जामिनावर सुटून पुन्हा त्याच नाक्यावर उभा आहे, आणि त्याच्याविरुद्ध बोलायला कुणी तयार नाही, म्हणून चालतो. तेव्हा खरा प्रश्न असा आहे की केस नेमकी कुठे तुटते आणि तिथे पैसा कसा पोचवायचा.

आधी एक गोष्ट तुम्हालाच तपासावी लागेल, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. ड्रग्जमुळे होणारी मारामारी एका प्रकारची नसते. नाका कुणाचा यावरून दोन टोळकी भिडतात ती एक. उधारीवर घेतलेल्या मालाचे पैसे बुडवले म्हणून पेडलर गिऱ्हाइकाला मारतो ती दुसरी. नशेसाठी पैसे हवेत म्हणून मोबाइल हिसकावणं, पाकीटमारी, घरात आईला मारहाण ही तिसरी. तक्रार केली म्हणून एखाद्याला गाठून ठोकणं ही चौथी, आणि सगळ्यांत घातक. पहिल्या दोन प्रकारांत मारणारी माणसं मोजकीच असतात. मोठ्या वस्तीतसुद्धा दहा-पंधरा नावं फिरून फिरून येतात, आणि ती ठाण्यातल्या गुन्हे प्रकटीकरण पथकाला माहीत असतात. तिसऱ्या प्रकाराला पोलिसांपेक्षा दवाखान्याचा उपयोग जास्त. चौथ्याला साक्षीदाराचं संरक्षण लागतं. तुमच्याकडे यातलं कोणतं चालू आहे हे न बघता 'पोलिसांना पैसे द्या' म्हटलं तर पैसे येतील आणि चुकीच्या जागी जातील.

आता पैसा येतो कुठून ते बघू. पोलीस हा राज्याचा विषय आहे. मुंबई महापालिका कितीही श्रीमंत असली तरी मुंबई पोलिसांचे पगार तिच्या तिजोरीतून होत नाहीत, ते राज्याच्या गृह विभागाकडून होतात. अर्थसंकल्पात २०५५ हे पोलिसांचं मुख्य लेखाशीर्ष आहे. त्यातला बहुतेक भाग पगार-भत्त्यांत जातो. उरलेल्यात इंधन, दुरुस्ती, वीजबिल, स्टेशनरी आणि तपासाचा किरकोळ खर्च भागवावा लागतो. केंद्राचा पैसा पोलीस दलांच्या आधुनिकीकरणाच्या योजनेतून येतो. २०२२ साली केंद्राने या छत्राखाली २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी २६,२७५ कोटी रुपये मंजूर केले. पण तो आकडा साऱ्या देशाचा आहे, आणि त्यात काश्मीर, ईशान्य, नक्षलग्रस्त भाग, न्यायवैद्यक प्रयोगशाळा असं बरंच काही येतं. तुमच्या ठाण्यापर्यंत त्यातलं फार तर एखादं उपकरण पोचतं.

तिसरी वाट जिल्हा नियोजन समितीची. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत, दोघांना वेगळे पालकमंत्री आणि वेगळी जिल्हा वार्षिक योजना. या योजनेतून पोलिसांना वाहनं, कॅमेरे, चौक्यांची दुरुस्ती यासाठी पैसा मिळतो, आणि ही वाट सामान्य माणसाला सर्वांत जवळची आहे. आमदाराचा स्थानिक विकास निधी सध्या वर्षाला ५ कोटी आहे. पण तो बांधकामासारख्या टिकाऊ कामांसाठी असतो. त्यातून डिझेल भरता येत नाही आणि ड्रायव्हरचा पगार देता येत नाही. गाडी मिळाली तरी ती नागपाड्याच्या मोटार परिवहन विभागाच्या हिशेबात येते, आणि चालवायला माणूस नसेल तर ठाण्याच्या आवारात उभी राहते.

आलेली वस्तू ज्या कामासाठी आली त्याच कामाला लागेल याची हमीही नसते. निर्भया निधीतून मुंबई पोलिसांसाठी घेतलेल्या गाड्यांपैकी काही आमदार-खासदारांच्या सुरक्षेसाठी वापरल्या जात असल्याच्या बातम्या २०२२ च्या अखेरीस छापून आल्या होत्या. जो निधी स्त्रियांच्या सुरक्षेच्या नावाने आला त्याचं असं होऊ शकतं, तर तुमच्या वस्तीच्या नावाने आलेल्या गाडीचं काय होईल याचा विचार करा. गाडी मागायचीच असेल तर प्रस्तावातच लिहून घ्या की ती रात्री कोणत्या बीटवर फिरेल.

वर्गणीबद्दल माझं मत ठाम आहे. ठाण्याला रोख पैसे देऊ नका, वस्तूही थेट देऊ नका. तुमचा हेतू शंभर टक्के चांगला आहे हे मला मान्य आहे. पण ज्या ठाण्यात आज तुमच्या मंडळाची वर्गणी चालते, तिथे उद्या गुटख्याच्या गोदामवाल्याची चालते आणि परवा एमडीवाल्याच्या चुलत्याचीही. मग कुणाच्या फोनवर गाडी आधी निघते हे ठरायला लागतं. कुणी कंपनी सामाजिक दायित्वाच्या पैशातून काही देऊ पाहत असेल तर ते आयुक्तालयाच्या परवानगीने, लेखी, नोंद होऊनच जायला हवं.

तुमच्या हातात असलेलं काम वेगळं आहे. आपल्या सोसायटीच्या, दुकानांच्या आवारात स्वतःचे कॅमेरे लावा आणि त्यांची नीट काळजी घ्या. २६/११ नंतर सरकारने शहरभर सुमारे ५ हजार कॅमेरे बसवले, पण ते मोठ्या रस्त्यांवर आणि चौकांत. तुमच्या आतल्या बोळात चित्रण असेल ते तुमच्याच कॅमेऱ्याचं. ते कोर्टात टिकायचं तर रेकॉर्डरचं घड्याळ बरोबर हवं, चित्रण निदान महिनाभर साठलेलं हवं, आणि चित्रण खरं असल्याचं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र द्यायला कॅमेऱ्याचा जबाबदार माणूस तयार हवा. चित्रण स्पष्ट असून घड्याळ चाळीस मिनिटं मागे होतं, म्हणून बचावाच्या वकिलाने उलटतपासात सगळं उधळून लावलं, असं मी डोळ्यांसमोर पाहिलंय.

अमेरिकेचं उदाहरण तुम्ही दिलंत, ते मुद्दाम बघण्यासारखं आहे. तिथे पोलीस शहरांचे आणि काउंट्यांचे असतात, म्हणून केंद्र सरकार अनुदानातून मदत करतं. त्यातल्या सर्वांत मोठ्या अनुदानाला एडवर्ड बर्न या न्यूयॉर्कच्या तरुण पोलिसाचं नाव आहे. १९८८ च्या फेब्रुवारीत क्वीन्स भागात तो एका घराबाहेर पहाऱ्यावर होता. त्या घरातल्या माणसाने ड्रग्जच्या धंद्याची तक्रार केली होती आणि त्याला धमक्या येत होत्या. बर्नला गाडीत बसलेला असतानाच गोळ्या घातल्या गेल्या. तिथे जप्त मालमत्तेतला वाटाही स्थानिक पोलिसांना मिळतो, ८० टक्क्यांपर्यंत.

याची दुसरी बाजूही ऐका. १९९९ साली टेक्सासमधल्या टुलिया नावाच्या छोट्या गावात अशाच अनुदानावर चालणाऱ्या पथकाने ४६ जणांना पकडलं, बहुतेक कृष्णवर्णीय. पुरावा म्हणजे एकाच वेषांतर केलेल्या अधिकाऱ्याचा शब्द. ती माणसं तुरुंगात गेली. पुढे त्याची साक्ष खोटी ठरली आणि २००३ मध्ये राज्याच्या गव्हर्नरने ३५ जणांना माफी दिली. अटकांचा आकडा वाढला की पैसा वाढतो अशी रचना केली की हे होतं.

आपल्याकडे जप्त मालमत्तेतला वाटा ठाण्याला मिळत नाही. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या पाच-अ प्रकरणाखाली ड्रग्जच्या पैशातून घेतलेली घरं, गाड्या, खाती गोठवता आणि सरकारजमा करता येतात. त्याच्या विक्रीचा पैसा केंद्राच्या राष्ट्रीय निधीत जाण्याची तरतूद कलम ७-अ मध्ये आहे. ठाण्याला त्यातलं काही मिळत नाही ही माझ्या मते चांगली गोष्ट आहे. पण त्या निधीतून राज्यांना जास्त मोकळ्या हाताने मिळायला हवं, आणि ते मागण्याचा हक्क राज्याला आहे.

आता मुद्द्याचं. केस तुटते कुठे? मी पाहिलेल्या बहुतेक केसेस तीन ठिकाणी तुटल्या: प्रयोगशाळेत, तपासी अधिकाऱ्याच्या रजिस्टरात आणि साक्षीदाराच्या दारात.

प्रयोगशाळेपासून सुरू करतो. मेफेड्रोन, म्हणजे एमडी, २०१५ च्या फेब्रुवारीत एनडीपीएस कायद्याखाली आलं. २ ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण, ५० ग्रॅमच्या वर व्यावसायिक. ५० च्या वर माल सापडला तर कलम ३७ लागतं आणि जामीन फार अवघड होतो. हे नाक्यावरच्या पोरालाही पाठ असतं, म्हणून तो अंगावर कधीच तेवढा माल ठेवत नाही. सापडतो तो दहा-पंधरा ग्रॅमसकट, आणि त्याला जामीन मिळतो. त्यात कोर्टाची चूक नाही, कायदाच तसा आहे. मग त्याला रोखायचं तर खटला लवकर उभा राहून निकाल लागायला हवा. तो उभा राहतो सीए रिपोर्टवर, म्हणजे कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेच्या अहवालावर. जप्त केलेली पांढरी पूड एमडीच आहे हे तो अहवाल सांगेपर्यंत केसला पाया नसतो. नमुने येत राहतात, रसायनतज्ज्ञांच्या जागा भरल्या जात नाहीत, यंत्रं दुरुस्तीची वाट बघतात. १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्याने सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी जाणं टप्प्याटप्प्याने सक्तीचं केलंय. काम वाढलं, आणि ते योग्यच आहे, पण त्या प्रमाणात माणसं द्यावी लागतील. ड्रग्जच्या हिंसाचारावर सरकारने एकच रुपया खर्च करायचा ठरवलं तर तो मी कलिन्याला द्या म्हणेन. छाप्याचे फोटो पेपरात येतात, रसायनतज्ज्ञाच्या भरलेल्या जागेचा फोटो येत नाही, म्हणून ही मागणी मागे पडते.

दुसरं ठिकाण तपासी अधिकाऱ्याचा वेळ. एनडीपीएसची केस कागदावर जिंकली किंवा हरली जाते. कलम ४२ खाली मिळालेल्या खबरीची लेखी नोंद, कलम ५० खाली झडतीआधी राजपत्रित अधिकाऱ्याचा किंवा दंडाधिकाऱ्याचा पर्याय देणं, ५२-अ खाली दंडाधिकाऱ्यासमोर नमुने घेणं, झडतीचं चित्रीकरण, मुद्देमाल कधी कुणाच्या ताब्यात होता याची साखळी. यातलं एक चुकलं की आरोपी सुटतो. हे सगळं करणारा उपनिरीक्षक गणपतीत बंदोबस्ताला असतो, ६ डिसेंबरला शिवाजी पार्कला असतो, निवडणुकीत तर महिनाभर ठाण्यात दिसतच नाही. २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला, त्यामागे हीच दमछाक होती. पैसा मागायचा तो अशा दोन-तीन अधिकाऱ्यांच्या मंजूर पदांसाठी, ज्यांना बंदोबस्ताला लावायचं नाही असा लेखी आदेश असेल.

वेळ मिळाला की काय होतं याचं उदाहरण मुंबईतलंच आहे. २०२३ साली साकीनाका पोलिसांनी किरकोळ एमडीसकट एकाला पकडलं. त्याने कुणाकडून घेतलं, त्याला कुणी दिलं, अशी साखळी धरत ऑक्टोबरमध्ये ते नाशिकजवळच्या शिंदे गावातल्या कारखान्यापर्यंत पोचले आणि सुमारे ३०० कोटींचा माल जप्त झाला. हे काम एका साध्या पोलीस ठाण्याने केलं. फोनचे रेकॉर्ड, पैशांचे व्यवहार, परगावी मुक्काम, खबऱ्यांची सोय याला लागणारा पैसा फार नसतो, पण तो त्या दिवशी हातात असावा लागतो. प्रस्ताव पाठवून महिनाभराने मंजुरी येईस्तोवर माल हललेला असतो. म्हणून ठाण्याच्या पातळीवर तपासाचा फिरता निधी असावा, आणि त्याचा हिशेब उपायुक्तांनी दर महिन्याला बघावा, ही माझी जुनी मागणी आहे.

जामिनावर सुटून पुन्हा मारामाऱ्या करणाऱ्या त्या मोजक्या माणसांसाठी कायद्यात वेगळी हत्यारं आहेत. चॅप्टर केस (चांगल्या वागणुकीचं हमीपत्र लिहून घेणं), तडीपारी, आणि १९८१ च्या एमपीडीए कायद्याखाली खटल्याशिवाय एक वर्षापर्यंत स्थानबद्धता. त्या कायद्याच्या नावातच अमली पदार्थांचे गुन्हेगार आहेत. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात विधिमंडळाने मकोका या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याच्या कक्षेतही ड्रग्जचे गुन्हे आणले. पण स्थानबद्धतेचा आदेश हायकोर्टात टिकवायचा तर प्रस्ताव वेळेत आणि काटेकोर हवा, साक्षीदारांची नावं गुप्त ठेवून घेतलेले 'इन कॅमेरा' जबाब खरे हवेत. म्हणजे पुन्हा अधिकाऱ्याचा वेळ आला. आणि ही हत्यारं हिंसा करणाऱ्यांवरच चालवावीत. कोपऱ्यात बसलेल्या गर्दुल्ल्याला तडीपार करून काही मिळत नाही, तो पुढच्या स्टेशनावर बसतो.

साक्षीदाराचं सर्वांत कठीण. जबाब द्यायला आलेल्या बाईला मी आठवडाभर धीर दिला आणि तारखेच्या आदल्या दिवशी तिने मला हात जोडले, असं माझ्या नोकरीत घडलंय. तिला दोष देण्याची माझी छाती झाली नाही. तिच्या दारासमोरूनच ती पोरं रोज जायची. महाराष्ट्राने २०१७ साली साक्षीदार संरक्षणाचा कायदा केला. २०१८ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी योजना लागू केली, त्यात सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती आणि वेगळा संरक्षण निधी आहे. त्यातून दारावर पहारा, कॅमेरा, काही काळासाठी दुसरीकडे राहण्याची सोय होऊ शकते. वस्त्यांत हे कुणाला माहीतच नसतं. तुमच्याकडे कुणी जबाब द्यायला तयार असेल तर ठाण्यातून किंवा सरकारी वकिलामार्फत अर्ज करायला लावा. नाव न सांगता माहिती द्यायची असेल तर केंद्राची १९३३ ही मानस हेल्पलाइन २०२४ पासून सुरू आहे.

इथपर्यंतचं एकत्र सांगायचं तर: कलिन्याची प्रयोगशाळा, बंदोबस्तमुक्त तपासी अधिकारी, ठाण्याचा फिरता निधी आणि साक्षीदाराचं संरक्षण. गाडी आणि कॅमेरे यांच्या मागून.

नशा करणाऱ्या पोरांबद्दल एक मुद्दा राहिला. कलम २७ खाली सेवनाचे गुन्हे नोंदवणं सोपं असतं. मुंबईत ड्रग्जच्या अटकांत वर्षानुवर्षं त्यांचाच भरणा राहिलाय. विशेष मोहीम निघाली आणि आकडा मागितला गेला की ठाणी हेच करतात, कारण खऱ्या विक्रेत्यामागे लागायला महिने लागतात. म्हणून तुम्ही निधी मागाल तेव्हा सोबत मोजमापही मागा. अटका किती, किलो किती, हे विचारू नका. विचारा: ड्रग्जच्या वादातले चाकूहल्ले किती कमी झाले, किती केसेसमध्ये मुदतीत दोषारोपपत्र गेलं, किती साक्षीदार शेवटपर्यंत टिकले. आणि ज्याला व्यसन सोडायचंय त्याच्यासाठी कलम ६४-अ आहे. स्वतःहून उपचार घेणाऱ्याला सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातून संरक्षण मिळतं. केईएम, सायन, नायर इथे मानसोपचार विभाग आहेत, १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली उभं राहिलं ते पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीच्या बळावर. तुमच्या मंडळाची वर्गणी जमली असेल तर एखाद्या पोराच्या उपचारांचा, त्याच्या आईच्या येण्याजाण्याचा खर्च उचला. त्या पैशाने दिसेल असा फरक पडतो. लहान मुलांकडून पुड्या पोचवून घेतात असं दिसलं तर बाल न्याय कायद्याचं कलम ७८ लावायचा आग्रह धरा, त्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.

महापालिकेकडे मागायचं ते वेगळं: बंद पडलेली शौचालयं, अर्धवट पाडलेल्या इमारती, अंधारे बोळ. धंदा अशाच जागी चालतो. वॉर्ड ऑफिसला अर्ज द्या, ठाण्याचं शिफारसपत्र जोडा, काम लवकर होतं.

आता पत्र कुणाला आणि कधी. वाहन, चौकीची दुरुस्ती, कॅमेरे यांसाठी पालकमंत्री आणि जिल्हाधिकाऱ्यांना, प्रत परिमंडळाच्या उपायुक्तांना. जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा हिवाळ्यात पक्का होतो, त्यामुळे पत्र दिवाळीआधी पोचायला हवं. प्रयोगशाळेतल्या रिक्त जागा आणि तपासी अधिकाऱ्यांची पदं हा गृह विभागाचा विषय आहे, त्यासाठी आमदाराला तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी द्यायला सांगा. पुरवणी मागण्या पावसाळी आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मांडल्या जातात, त्याच्या महिनाभर आधी आमदाराच्या हातात कागद असू द्या. पत्रात पेडलरांची नावं लिहू नका, पत्र अनेक टेबलांवरून फिरतं. नावं उपायुक्तांना समक्ष भेटून सांगा. घटनांच्या तारखा, वेळ, जागा आणि गुन्हा नोंदला गेला असेल तर त्याचा क्रमांक लिहा. पत्रावर मंडळाच्या अध्यक्षाची एकट्याची सही नको, पंचवीस-तीस घरांच्या सह्या हव्यात, म्हणजे कुणा एकाला गाठून धमकावता येत नाही. आणि आवक क्रमांक टाकलेली पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका.